स्ट्रायझँडबाईंना दीडपट वेगाने पळवावं का?

आढ्याकडे_डोळे:
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वाचायला बसलं की डोळ्यातून पाणी येतं. (हे भाची टाइप करतेय, शुद्धलेखन तिचं.) म्हणून अमेरिकन गायिका-नटी बार्बरा स्ट्रायझँडचं २०२३ साली आलेलं आत्मचरित्र ऐकायला घेतलं, खुद्द तिच्याच आवाजातलं. लांबी ४८ तास! बाई कपड्यांवर बोलायला लागली की हलतच नाही. भाची म्हणाली, वेग दीडपट कर, ३२ तासांत उरकेल. केला. मग वडील वारल्याचा भाग आला. ती तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. ते इतकं भर्रकन गेलं की बातम्या लागल्यात असं वाटलं. मागे जाऊन साध्या वेगाने ऐकलं, तरी कुठेतरी घाईच वाटते. माझे कान बिघडलेत का? आणि तुम्ही कोणत्या वेगाने ऐकता?

तारयंत्र:
कान ठीक आहेत. वेग वाढवला तरी ॲप आवाजाची पट्टी चढू देत नाही, त्यामुळे काय गेलं ते चटकन कळत नाही. जातात ते श्वास आणि मधल्या जागा. काही ॲपमध्ये शांतता गाळून टाकण्याचा वेगळा पर्याय असतो. तो चालू राहिला तर साध्या वेगातही वाक्यं एकमेकांवर आदळतात. सेटिंग बघा.
मी स्वतः करारमदार, भांडणं वगैरे सव्वापट वेगाने ऐकतो. बालपण आणि रंगमंच मात्र नाही.

पडद्यामागची:
आधी नाव सुधारा, स्ट्राय*सँ*ड. 'झ' नाही. आयफोनमधली बोलणारी मदतनीस सिरी नाव चुकीचं उच्चारते म्हणून बाईंनी ॲपलच्या टिम कुकना फोन केला होता, हे त्यांनीच २०१६ मध्ये सांगितलंय. त्यांना दीडपट वेगाने पळवताय, धन्य तुमची! छापील मजकूर सोडून त्या मध्येच काहीबाही बोलतात आणि गाण्यांचे तुकडेही येतात. तेही पळवणार?

उशिरा_आलो:
थोडा विरोध नोंदवतो. स्वतःचा आवाज आहे म्हणून वाचन चांगलंच असतं असं नाही. अभिनेत्री व्हायोला डेव्हिसला २०२३ चा ग्रॅमी तिच्या आत्मकथनाच्या वाचनासाठी मिळाला, पण ती रंगमंचावर घडलेली बाई. सपाट वाचणारे मी खुशाल पळवतो.
अपवाद 'फ्रेंड्स' मालिकेतला नट मॅथ्यू पेरी. त्याचं पुस्तक नोव्हेंबर २०२२ चं, तो गेला ऑक्टोबर २०२३ मध्ये. मी त्यानंतर ऐकलं. शेवटची वीस मिनिटं चार दिवस तशीच ठेवली होती.

आढ्याकडे_डोळे:
तारयंत्र, तो पर्याय चालूच होता! भाचीनेच केला होता; आता 'चुकून लागला असेल' म्हणतेय आणि हेही तिलाच टाइप करावं लागतंय. बंद केला, वेगही साधा ठेवला, वडिलांचा भाग पुन्हा लावला. या वेळी भाचीच म्हणाली, मागे घे जरा. 'स' पण कळला. नऊ तास झालेत, ३९ उरलेत.