मदत हवी आहे: वाढत्या वयातल्या खेळाडूंसाठी ध्येय कसं ठरवावं?

नमस्कार. मी १२ ते १५ वयाच्या मुलामुलींना धावणं आणि लांब उडी शिकवतो. एका ठिकाणी अडलोय, जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मोसम सुरू होताना मी प्रत्येकाला वहीत आपलं ध्येय लिहायला सांगतो. बहुतेक जण 'पहिला नंबर' एवढंच लिहून वही मिटतात. मग बसून, बोलून आम्ही त्यातून वेळेचा किंवा अंतराचा आकडा काढतो. ध्येय नेमकं असावं आणि गाठायला जरा अवघड असावं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. मला ते पटतं. पण पुढे त्यांच्या आणि त्यांचे सहसंशोधक गॅरी लॅथम यांच्या कामातून त्याला अटीही जोडल्या गेल्या: ध्येय त्या माणसाला आपलं वाटलं पाहिजे, आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहिलं पाहिजे आणि अंगात तेवढी कुवत हवी. माझं घोडं या शेवटच्या अटीपाशी अडतं. या वयात शरीर दर महिन्याला बदलतं, मग कुवत धरायची कुठली?

उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ते वय मुलींमध्ये साधारण १२ आणि मुलांमध्ये साधारण १४. पण त्यातही कोणी लवकर वाढतं, कोणी उशिरा. एकाच गटात धावणाऱ्या दोन मुलांची शरीरं दोन वेगळ्या वयांची वाटतात.

एका मुलीचं सांगतो. गेल्या मोसमात सुंदर उडी मारायची. यंदा उंची वाढली, ढांग लांबली आणि धाव सुरू करायच्या जुन्या खुणेवरून धावली की शेवटचं पाऊल फळीच्या (जिथून उडी घ्यायची त्या पट्टीच्या) पुढे पडायला लागलं. फाउल टाळायला ती शेवटची दोन-तीन पावलं आखडते, वेग मरतो, उडी तोकडी पडते. खूण मागे घेण्याचं काम चालू आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की वहीतला अंतराचा आकडा आता तिला खायला उठतो. ती वही आणायचीच बंद झाली आहे. परवा म्हणाली, "सर, माझं आता काही होणार नाही." इतकी मेहनती मुलगी या एका वर्षापायी खेळ सोडेल, याची मला खरंच भीती वाटते.

अशा काळात आकड्याचं ध्येय बंदच करावं का? केलं, तर त्या जागी काय द्यावं, की मुलांना ती नुसती समजूत वाटणार नाही? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

सर, आकडा बंद करू नका, तो दुसरीकडे लावा. निकालाचं ध्येय (नंबर) दुसऱ्यांच्या हातात असतं. कामगिरीचं (अंतर, वेळ) सध्या तिच्या वाढत्या हाडांच्या हातात आहे. कृतीचं ध्येय मात्र पूर्णपणे तिचं. तिच्यापुरतं सांगायचं तर: सरावातल्या दर सहा रन-अपपैकी किती वेळा पावलं न आखडता पाय फळीवर पडला? हाही आकडाच आहे, रोज मोजता येतो आणि त्यात समजूत काढण्यासारखं काही नाही. नवं कौशल्य बसवताना निकालाच्या आकड्यापेक्षा शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं, असं लॅथम यांच्याच पुढच्या संशोधनात दिसलंय. आणि तिची उडी सध्या जवळपास नवीच आहे.

खूण किती सरकली हे तिलाच टेपने मोजून लिहू द्या. खूण मागे जाते म्हणजे ढांग वाढते, हे तिला स्वतःच्या अक्षरात दिसू दे.

स्पर्धेसाठी 'असं झालं तर असं करीन' ठरवून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी याचा बराच अभ्यास केलाय. उदाहरणार्थ: "पहिली उडी फाउल झाली, तर खूण एक पाऊलभर मागे घेईन आणि वेग तोच ठेवीन." मोठ्या स्पर्धांत पहिल्या तीन उड्यांनंतर पुढचे ठरावीक जणच उरतात, त्यामुळे त्या तीनपैकी एक तरी उडी पूर्ण वेगाने आणि वैध, एवढंच ध्येय या मोसमाला पुरे.

फक्त एक. हे वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. तुम्ही विचारा, शब्द तिचे येऊ द्या, मग ते अर्धवट वाटले तरी चालतील.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. धावणाऱ्यांसाठी भर घालते. हाताच्या स्टॉपवॉचवर ०.१ सेकंदाची सुधारणा हे ध्येय ठेवू नका, तेवढा फरक अंगठ्याचाच पडतो. १०० मीटरला हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर त्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे, यावरून अंदाज येईल. वारा वेगळाच. एकाच घड्याळावर घेतलेल्या अनेक धावांची सरासरी बघा आणि ती महिन्याने ताडा. उशिरा वाढणाऱ्या मुलाच्या वहीत शेजारी उंचीही लिहा. क्रमवारी त्याला दाखवूच नका, सध्या ती बहुतांशी कोण आधी वाढलं हेच सांगते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल तिला टेप दिली. खूण जवळजवळ दोन पावलं मागे गेली होती. ती वाकून पुन्हा मोजत बसली, मग स्वतःहून वही मागितली. ध्येय अजून लिहिलेलं नाही, मीही घाई केली नाही.

आता एक उपप्रश्न: पालक दर रविवारी "किती मीटर?" एवढंच विचारतात. त्यांना हे फळीवरच्या पावलांचं गणित कसं समजवावं? कोणी पालकांना सरावाला बोलावून मोजायला बसवलंय का?