वेताळ टेकडी: माळ मोकळाच राहू द्या

रविवारच्या श्रमदानात पुण्यातल्या या टेकडीच्या 'ओसाड' माथ्यावर रोपं लावू, असं आपल्यातल्या दोघांनी सुचवलंय. तळमळ पटते, पण जागा बदला, अशी कळकळीची विनंती. तो माथा ओसाड नाही, तो गवताळ माळ आहे. एप्रिल-मेमध्ये तिथेच टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. बहुधा चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आतल्या बाजूला. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत! कुदळ घेऊन दहा-बारा जण फिरले तर काय होईल ते सांगायला नको. चंडोलही जमिनीवरच घरटं करतो. पहिल्या पावसानंतर याच मुरमातून मुसळी फुलते. खड्डा खणला की तिचे कंद गेले.

पूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड भरमसाट लावलं गेलं. त्याच्या दाट सावलीत गवत उरत नाही, आणि हिवाळ्यात येणारा गप्पीदास तर उघड्या माळावरच्या काटकीवर बसून किडे टिपणारा पक्षी.

हात कमी पडतात ते वणव्याच्या दिवसांत. पावसाळा संपला की वनखात्याला विचारून जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) साफ करू, आधी लावलेल्या रोपांना मेअखेरपर्यंत पाणी घालू. नवीन झाडं लावायचीच असतील तर उतारावर, गिरिपुष्पाच्या जागी हळूहळू पळस, पांगारा लावू. आणि कुत्रे मोकळे सोडू नका, हे प्रत्येकाला सांगायलाच हवं.