नुरा कुस्ती म्हणणाऱ्याला एकच मॅच दाखवायचीये, कुठली दाखवू?

शार्पशूटर_मिरज

मंडळी सल्ला हवाय. ऑफिसात एक जण आहे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, खरी कुस्ती खेळलेला माणूस. डब्ल्यूडब्ल्यूईचं नाव काढलं की हसतो, म्हणतो सगळी नुरा कुस्ती, आधीच ठरलेलं असतं. अरे ठरलेलं असतं हे आता शेंबड्या पोराला पण माहितीये, वाद तो नाहीच आहे. ठरलेलं असूनही एखादी मॅच बघताना जीव वरखाली होतो आणि एखादी चालू असताना आपण मोबाईल बघत बसतो, हा फरक कशाने पडतो ते त्याला दाखवायचंय. एक मॅच बघायला तयार झालाय. एकच.

माझं मत सांगतो मग तुम्ही बोला. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, रेसलमेनिया १३ (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमॉन्ट होरायझन. सबमिशन मॅच होती, म्हणजे पिन (खांदे टेकवून जिंकणं) चालणार नाही, समोरचा हार मानेल तेव्हाच संपणार, आणि रेफरी म्हणून केन शॅमरॉकला आणलेला. कागदावर ब्रेट चांगला आणि ऑस्टिन शिवराळ, कुणाचं न ऐकणारा व्हिलन. पण पब्लिकला तेव्हा ऑस्टिन आवडायला लागला होता आणि ब्रेटची सततची कुरकुर नकोशी झाली होती, त्याचाच त्यांनी फायदा घेतला. सुरुवातीला दोघं थेट प्रेक्षकांत जाऊन मारामारी करतात, मग रिंगमध्ये आल्यावर ब्रेट त्याचा गुडघा धरतो आणि सोडतच नाही, खांबाला पाय अडकवून पिळतो, खुर्चीने मारतो. ऑस्टिनचं डोकं फुटतं (तेव्हा कंपनीत रक्त काढायला बंदी होती, तरी त्या दोघांनी ठरवून केलं, ब्रेटने नंतर स्वतःच सांगितलंय). शेवटाकडे ऑस्टिन वायरने ब्रेटचा गळा आवळत असतो, ब्रेट हाताला लागलेली घंटा त्याच्या डोक्यात घालतो आणि शार्पशूटर लावतो, म्हणजे पालथं पाडून दोन्ही पाय पिळून धरायचा डाव. आणि मग तो सीन, ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखलेला, दातांच्या फटीतून रक्त गळतंय, ओरडतोय, एकदा जोर लावून जवळपास सुटतो पण ब्रेट परत बसतो, आणि हा पठ्ठ्या हार मानत नाही. बेशुद्ध पडतो पण मानत नाही. शॅमरॉक मॅच थांबवतो.

जिंकला ब्रेट. पण जिंकल्यावर पण तो बेशुद्ध माणसाचा पाय मारत राहतो, शॅमरॉक उचलून आपटतो तेव्हा कुठे थांबतो, आणि बाहेर जाताना लोक त्याला हूट करतात. मदत करायला आलेल्या एका रेफरीला ऑस्टिन स्टनर (त्याचा ठरलेला डाव) घालतो आणि लंगडत एकटा बाहेर जातो, सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडतंय. वीस-बावीस मिनिटांत हिरोचा व्हिलन आणि व्हिलनचा हिरो, आणि कुणीही माईक हातात घेऊन एक वाक्य बोललेलं नाही. त्या रात्री मेन इव्हेंटला अंडरटेकरने सिडला हरवून टायटल घेतलं, ते आज किती जणांना आठवतं?

---

रात्रीचा_डेडमॅन

भावा मॅच भारीच, वाद नाही, पण नवीन माणसाला ही नको दाखवू. ब्रेट कोण, ऑस्टिन कोण, पब्लिक का उलटलं हे सगळं आधी समजावून सांगावं लागणार. तो म्हणेल रक्त बिक्त ठीके पण हे काय चाललंय. एकच दाखवायची तर टेकर (अंडरटेकर)-शॉन मायकल्स, रेसलमेनिया २५, ह्यूस्टन, ५ एप्रिल २००९. तिथे काहीच समजवावं लागत नाही. एक पांढऱ्या कपड्यांत वरून उतरतो, एक काळ्यात खालून वर येतो, बास, आंधळ्याला पण कळेल. टेकर तोपर्यंत रेसलमेनियात कधीच हरलेला नव्हता एवढं सांगितलं की झालं.

आणि ती मॅच नशिबाने वाचलेली आहे. टेकर दोरावरून बाहेर उडी मारतो ती बघ, खाली त्याला झेलायला एक पैलवान कॅमेरामनच्या वेशात उभा केलेला, त्याच्याकडून नीट झेलला जात नाही आणि साडेसहा फुटाच्या वरचा माणूस सरळ डोक्यावर पडतो. मला अजून बघवत नाही तो क्षण. त्यानंतर उरलेली मॅच त्याने केली आणि काय केली!! टॉम्बस्टोन (उलटं धरून डोक्यावर आपटायचा टेकरचा डाव) खाऊनही शॉन पिनमधून सुटतो तेव्हा टेकरचे डोळे बघ फक्त. एवढी वर्षं ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही तो माणूस घाबरलेला दिसतो. शेवटी शॉन मूनसॉल्ट (उलटी कोलांटउडी) मारायला जातो आणि टेकर त्याला हवेतच पकडून टॉम्बस्टोन देतो. जवळजवळ अर्धा तास, आणि त्यात फालतू मिनिट एक नाही.

लहानपणी आम्ही शपथेवर सांगायचो की अंडरटेकरचे सात जन्म आहेत. ही मॅच बघून परत खरं वाटायला लागलं होतं.

---

पत्तेबाज_पुणे

सात जन्म 😂😂 आमच्या शाळेत पण हेच. आणि त्या हिंदी पिक्चरमध्ये आला होता तो खरा अंडरटेकर आहे म्हणून मी एकाशी मारामारी केलेली. तो ब्रायन ली होता. मजा म्हणजे ह्याच ब्रायन लीला १९९४ च्या समरस्लॅमला नकली अंडरटेकर बनवून खऱ्या अंडरटेकरच्या समोर उभा केलेला. म्हणजे आपल्याकडे येण्याआधी तिकडे पण त्याची तीच ड्युटी होती.

मूळ प्रश्नाबद्दल, हेल इन अ सेल (पिंजऱ्यातली मॅच) १९९८, टेकर विरुद्ध मॅनकाईंड, म्हणजे मिक फोली. पिंजऱ्यावरून खाली टेबलवर. तुझा तो तालमीतला माणूस 'खोटं' म्हणून दाखवू दे मग.

---

बुडोकान_९४

पत्तेबाज, नको रे. मिक फोलीबद्दल मला प्रचंड आदर आहे पण 'बघ खरंच लागलं' हे सिद्ध करायला मॅच दाखवणार असशील तर मुद्दाच हरवला ना. लागणं हे कौशल्य नाही. त्या रात्री सोळा फुटांवरून पडल्यावर, मग पिंजऱ्याच्या छतातून खाली आल्यावर, दात ओठातून आरपार गेल्यावर पण फोली उठून मॅच पूर्ण करतो, माझ्या दृष्टीने मोठेपण ते आहे. पण लोक क्लिप बघतात फक्त पडण्याची.

तालमीतला माणूस आहे म्हणतोस तर त्याला जपान दाखव. मिसावा विरुद्ध कावादा, ३ जून १९९४, निप्पॉन बुडोकान, ऑल जपान कंपनीचं ट्रिपल क्राउन टायटल. ना आतषबाजी, ना शिव्या, ना कुणाची बायको पळवली. दोघं एकाच शाळेतले, मिसावा एक वर्ष पुढे. कावादा आयुष्यभर त्या एका वर्षाच्या मागे धावतोय अशीच सगळी गोष्ट आहे आणि ती कोपराच्या फटक्यांत आणि लाथांत सांगितलेली आहे. पस्तीस मिनिटांच्या वर चालते. घाई नाही. पहिली दहा मिनिटं तुला वाटेल काय होतंय, पण प्रत्येक फटका पुढे कामाला येतो, आणि शेवटी साध्या डावांनी कावादा पडत नाही म्हणून मिसावाला टायगर ड्रायव्हर ९१ काढावा लागतो, जो माणसाला सरळ मानेवर आपटतो आणि जो तो क्वचितच काढायचा. ट्रिपल क्राउनसाठी मिसावाला हरवायला कावादाला १ मे १९९८ उजाडला, टोकियो डोममध्ये. चार वर्षं वाट बघायला लावली प्रेक्षकांना! आपल्याकडे चार आठवड्यांत टायटल फिरवून मोकळे होतात.

त्याची किंमत पण त्यांनी मोजली. मिसावा २००९ साली हिरोशिमात रिंगमध्येच गेला, एका बॅक सुप्लेक्सनंतर (मागून उचलून पाठीवर आपटायचा डाव) उठलाच नाही. त्यामुळे त्या मॅचेस मी आता पूर्वीसारख्या मजेत बघू शकत नाही, पण बघतो.

---

जुना_वरळीकर

तुम्ही सगळे माझ्या मुलांच्या वयाचे दिसता. आमच्या वडिलांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग बघितलेले. तेव्हा ह्याला फ्रीस्टाईल म्हणायचे आणि तेव्हाही घरोघरी हाच वाद, खरं की खोटं. १९६८ साली मुंबईतच दारासिंगनी लू थेझला हरवलं. आता थेझ कोण हे इथल्या लोकांना सांगायला नको, अमेरिकेतला त्याच्या काळातला सगळ्यात अस्सल पैलवान, वयाची पन्नाशी ओलांडलेला तेव्हा. त्याला खरोखर लोळवायची ताकद किती जणांत होती कुणास ठाऊक, पण इथे येऊन तो दारासिंगसमोर पडला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. वडील सांगायचे की थेझ पडला कसा ते बघण्यासारखं होतं. दारासिंगबद्दल कमी आणि थेझबद्दल जास्त बोलायचे ते.

---

किकआऊट_काव्या

काकांनी नकळत मुद्दा मांडला बघा. वरच्या सगळ्या मॅचेस परत वाचा. ऑस्टिन हरला. शॉन हरला. फोली हरला. कावादा हरला. थेझ हरला. मला आवडणाऱ्या बघते तर रेसलमेनिया ३ ला रँडी सॅव्हेज स्टीमबोटकडून हरला, मॅचमधला प्रत्येक डाव त्याने आधी कागदावर लिहून पाठ करून घेतला होता म्हणतात, म्हणजे स्वतःच्या हरण्याची एवढी तयारी. १९९२ ला वेम्बलीत ८० हजार लोकांसमोर ब्रेट बुलडॉगकडून हरला, स्वतःच्या मेव्हण्याकडून, आणि ब्रेट सांगतो की बुलडॉग रिंगमध्ये आल्यावर सगळं विसरला होता, ब्रेटने मॅचभर त्याच्या कानात पुढचा डाव सांगत त्याला जिंकवून नेला!! ह्याला परफॉर्मर म्हणतात.

मॅच मोठी होते ती हरणाऱ्यामुळे. जिंकणाऱ्याला काय, हात वर करायचा. लहानपणी आपण खेळायचो त्या पैलवानांच्या पत्त्यांवर बघा काय होतं, रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, किती फाईट्स जिंकल्या. योकोझुना वजनावर सगळ्यांना खायचा. चांगलं हरता येतं का ह्याचा कॉलमच नव्हता, म्हणून आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांना फक्त उंच आणि जाड लोक भारी वाटतात.

आणि दादा लोकांनो, एक पण बाईचं नाव नाही इतक्या वेळात. साशा बँक्स आणि बेली, ब्रुकलिन, २२ ऑगस्ट २०१५, आणि नंतर ऑक्टोबरमधली तीस मिनिटांची आयर्न मॅन मॅच, म्हणजे तेवढ्या वेळात जो जास्त वेळा हरवेल तो जिंकला. त्या दुसऱ्या मॅचमध्ये साशा पहिल्या रांगेतल्या बेलीच्या छोट्या फॅनचा हेडबँड हिसकावते, पोरगी रडायला लागते, साशा तिला चिडवते. काय दुष्ट बाई! आणि मग हरते ३-२ ने. हरते पण कशी, शेवटच्या काही सेकंदांत, बेलीने हात पिळून धरलेला असताना. दोन्ही मॅचेस साशा हरली आणि दोन्हीकडे बघायचं साशाकडे.

---

रात्रीचा_डेडमॅन

ताई पटलं अर्धं. पण रेसलमेनिया ३० ला डॅनियल ब्रायन? आधी ट्रिपल एचला हरवतो, मग त्याच रात्री मेन इव्हेंटला बटिस्टा टॅप करतो (हार मानतो) आणि पूर्ण सुपरडोम ब्रायनसाठी येस येस ओरडतंय. तिथे हरणाऱ्याचं काय? बटिस्टाबद्दल कुणी बोलतं का. मजा अशी की त्याच रात्री टेकरची रेसलमेनियात न हरण्याची स्ट्रीक गेली, ब्रॉक लेस्नरकडून, २१-१. तिथे तुमच्या थिअरीप्रमाणे टेकर हरला म्हणून मॅच ग्रेट व्हायला हवी होती आणि मॅच एकदम रटाळ आहे. लोक शॉकमध्ये होते तो भाग वेगळा.

---

किकआऊट_काव्या

टेकरला त्या मॅचमध्ये डोक्याला मार बसलेला, हॉस्पिटलमध्ये नेलं नंतर, ती मॅच हिशोबात धरू नका. आणि ब्रायनच्या रात्री ट्रिपल एच काय हरलाय ते बघा की परत. एवढी वर्षं लोक म्हणायचे हा स्वतःला खाली पडू देत नाही, आणि तिथे ब्रायनच्या गुडघ्याखाली स्वच्छ पिन. त्या पहिल्या मॅचशिवाय शेवटची मॅच उभीच राहत नाही.

---

पत्तेबाज_पुणे

खलीचं नाव कुणीच का घेत नाहीये?? आपला माणूस, २००६ मध्ये टेकरला छातीवर पाय ठेवून पिन, २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन

---

बुडोकान_९४

कारण प्रश्न भारी मॅचचा आहे 🙏 खलीबद्दल अभिमान मलाही आहे, हिमाचलमधून तिथपर्यंत जाणं खायचं काम नाही, पण त्याच्या गुडघ्यांची अवस्था बघता त्याला धड पडता पण येत नव्हतं. आणि त्या टेकरच्या मॅचमध्ये सगळं काम टेकर करतोय. परत काव्याताईंचाच मुद्दा.

---

शार्पशूटर_मिरज

वाचून मजा आली. बुडोकान, मिसावा-कावादा मी स्वतः परत बघितली काल रात्री, अर्ध्यापर्यंत माझं मत बदललं होतं, पण पहिली दहा मिनिटं हा गडी थांबायचा नाही, मला त्याचा स्वभाव माहितीये. टेकर-शॉन त्याने पाहिली असेल असा डाऊट आहे, टीव्हीवर इतक्यांदा दाखवलीये.

ऑस्टिनवरच येतोय मी परत. पार्श्वभूमी सांगावी लागेल हे मान्य, पण दोन वाक्यांत होईल. आणि तालमीतल्या माणसाला 'मी सोडत नाही' हे काय असतं ते सांगावं लागणार नाही. काव्याताईंचा मुद्दा मात्र त्याला आधी सांगणार नाही. मॅच संपल्यावर फक्त विचारणार, कोण जिंकलं?

एक शंका. कॉमेंट्रीसकट दाखवू की आवाज बंद करून? इंग्लिश त्याला जमतं पण अमेरिकन उच्चार कळत नाहीत.

---

जुना_वरळीकर

आवाज चालूच ठेवा. शब्द नाही कळले तरी जिम रॉसचा आवाज कुठे चढतो ते कळेल. आणि शेवटची दोन मिनिटं, ब्रेट आत जातो आणि ऑस्टिन उठायचा प्रयत्न करतो, तो भाग कापलेली व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी फिरते. ती घेऊ नका, पूर्ण शोधा.