प्रतिसाद: 'प्लेगच्या साली जन्म' म्हणजे नेमकं कधी?

तुमचे पणजोबा 'प्लेगच्या साली' जन्मले म्हणून तुम्ही मूळ पोस्टमध्ये त्यांचं जन्मसाल 1897 धरलंय, पण एवढ्यावर साल ठरत नाही. प्लेग 1896 मध्ये मुंबईत आला, 1897 च्या सुरुवातीला पुण्यात पसरला आणि पुढे कित्येक वर्षं परतत राहिला. आधी त्यांची जन्मपत्रिका शोधा. तिच्यातल्या शक सालात 78 मिळवले की इंग्रजी साल येतं. जन्म पौष ते फाल्गुनातला असेल तर बहुधा 79, कारण इंग्रजी साल मध्येच बदलतं. चूक हमखास इथेच होते. संवत्सर, म्हणजे पंचांगातलं वर्षाचं नाव, तेही ताडा (शके 1819 चं हेमलंबी), पण ते 60 वर्षांनी परत येतं. शाळेच्या दाखल्यावरच्या 1 जूनवर विसंबू नका, ती तारीख बहुतेकदा गुरुजींनी सोयीने घातलेली असते. त्यापेक्षा 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत ते केवढे होते, हे घरातल्या थोरांना विचारा.