इंदूरच्या कोर्टातला राजीनामा

हिंदीवाले 'राजीनामा' चुकीच्या अर्थाने वापरतात, मराठीतलाच अर्थ खरा, असं कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. 'राजी' अरबी, 'नामा' फारसी. मिळून संमतीचा लेख, एवढंच. नोकरी सोडण्याचा मुळात संबंधच नाही. आमच्या इंदूरला कोर्टात 'राजीनामा हो गया' म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड झाली. लोक अदालतीत चेक बाउन्सवाल्यांच्या तोंडी हाच शब्द. नोकरी सोडली तर इस्तीफा. (पुण्याहून सून म्हणून आलेल्या आमच्या वहिनी वकिलावर भडकल्या होत्या, 'ह्यांनी का म्हणून राजीनामा द्यायचा?')

मराठी अर्थाचा धागा मला जमीन महसुलात दिसतो. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत (जमीन स्वीकारल्याचा कबुलीचा लेख). राजीनामा म्हणजे राजीखुशीने हक्क सोडल्याचा कागद. तिथून पद सोडण्यापर्यंत फार लांब जावं लागत नाही, अर्थात हा माझा तर्क. गुजराती, कन्नड, तेलुगूतही राजीनामा म्हणजे पद सोडणंच. तेलुगूत नुसतं 'राजी' मात्र तडजोड. नेपाळीत तर कहर आहे: मंत्री देतो तोही राजीनामा आणि जमिनीचं खरेदीखत तेही राजीनामाच.