डेव्हर्सचा माज, की बोस्टनच्या हिवाळी आखणीतलं भोक?

तिसरा_बेस
मागच्या धाग्यावर डावखुरा यांनी लिहिलं, "31 कोटी डॉलर घेणाऱ्याला पहिल्या बेसवर उभं राहा म्हटलं की त्यानं मुकाट्यानं उभं राहावं. डेव्हर्सनं माज केला, विषय संपला." विषय आहे बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या राफाएल डेव्हर्सचा: 2025 मध्ये पहिल्या बेसवर खेळायला तो नाही म्हणाला आणि जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला दिला गेला. तो विषय संपलेला नाही, आणि प्रतिसादात मावणारा नाही म्हणून वेगळा धागा.

तारखा बघा. 10 वर्षं, 31 कोटी 35 लाख डॉलर हा करार तिसरा बेस सांभाळणाऱ्या माणसाशी झाला होता. डिसेंबर 2024 मध्ये चार होतकरू पोरं देऊन पिचर (चेंडू टाकणारा) क्रोशे आणला. उत्तम सौदा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्रेगमनची सही झाली फेब्रुवारीत, कॅम्प (हंगामाआधीचा सराव) सुरू झाल्यावर. तोही तिसऱ्या बेसवालाच! डेव्हर्सनं "तिसरा बेस माझा आहे" असं उघड सांगितलं, मग त्याला डीएच केलं, म्हणजे फक्त बॅटिंग, क्षेत्ररक्षण नाही. ग्लोव्ह ठेवून दे असं आपल्याला सांगितलं होतं, असं तो स्वतः म्हणाला. 2 मे रोजी पहिल्या बेसवरच्या कॅसासच्या डाव्या गुडघ्याचा टेंडन फाटला, हंगाम संपला, आणि आठवड्याच्या आत याच माणसाकडे पहिल्या बेसचा ग्लोव्ह पुढे केला. यात आखणी कुठे आहे? पहिल्या बेसवर कॅसासच्या मागे कोण, हा प्रश्न नोव्हेंबरचा. तो मे महिन्यात विचारला.

डावखुरा
सगळं संघ बांधणाऱ्या ब्रेस्लोच्या माथी मारून मोकळे झालात. एवढंच उत्तर द्या: सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर जुलैत हाच डेव्हर्स पहिल्या बेसवर खेळला की नाही? म्हणजे जमत होतं, बोस्टनसाठी करायचं नव्हतं. आणि तो गेल्यावर संघ बुडाला का? 89 विजय, 2021 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ.

वूस्टरवाला
जमत होतं म्हणणाऱ्यांनी त्या जागेवर काय करावं लागतं ते एकदा नीट बघावं. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय बेसवर, डावा पाय पुढे. चेंडू कुठे येतोय हे दिसेपर्यंत ताणायचं नाही. नवखा माणूस आधीच पाय लांब टाकून बसतो, मग थ्रो जरा बाजूला आला की त्याला सरकताच येत नाही आणि चेंडू थेट डगआउटकडे. रनर (धावणारा) बेसवर असेल तर त्याला रोखायला बेसपाशी उभं राहायचं आणि पिचरचा चेंडू सुटताच दोन उड्यांत आपल्या जागी यायचं. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) घेऊन दुसऱ्या बेसला फेकायचं तर उजव्या हाताच्या माणसाला कंबर पूर्ण फिरवावी लागते, शिवाय रनरच्या आतून फेकायचं की बाहेरून हे उचलता उचलताच ठरवायचं. नाहीतर चेंडू रनरच्या पाठीत. हे कॅम्पच्या सहा आठवड्यांत शिकवतात. मे महिन्यात, रोज सामना असताना, नाही.

तिसरा_बेस
आणि डेव्हर्सचा ट्रेड (संघांमधली अदलाबदल) झाला 15 जूनला. जायंट्सने आधी डीएच खेळवला, सराव करून घेतला, मग जुलै सरत आल्यावर उभा केला. बोस्टनला हे फेब्रुवारीत करता आलं असतं.

आकडेमोड
मूळ अडचण कोणीच मांडत नाही. हिवाळ्यात 40 च्या यादीत (संघाच्या 40 खेळाडूंच्या मुख्य यादीत) जागाच नसते. वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) संपली की पाच दिवसांत 60 दिवसांच्या इंजर्ड लिस्टवरचे (दुखापतीमुळे 40 बाहेर ठेवलेले) सगळे परत यादीत घ्यावे लागतात, आणि ती लिस्ट थेट कॅम्प सुरू होतानाच पुन्हा उघडते. म्हणजे वर्षभर न खेळू शकणारा पिचरही अख्खा हिवाळा एक जागा अडवतो. त्यात नोव्हेंबरात रूल 5 ड्राफ्टपासून (त्यात यादीबाहेरचे खेळाडू दुसरे संघ उचलतात) पोरं यादीत घेऊन वाचवायची: 18 किंवा त्याहून कमी वयात सही केलेल्याला पाच हंगाम मोकळीक, 19 किंवा त्याहून जास्त वयाला चार. नाही वाचवलं तर दुसरा संघ 1 लाख डॉलर देऊन नेतो. मग राखीव पहिल्या बेसवाल्याला जागा कुठून आणणार?

वूस्टरवाला
मायनर लीग (खालच्या लीगचे) करार कशासाठी असतात मग? त्याला 40 ची जागा लागत नाही. अब्राहम तोरोला तसाच घेतला होता, कॅसास पडल्यावर तोच वर आला.

आकडेमोड
घ्या, म्हणजे राखीव होता! मग भोक कुठे?

आणि मायनर लीग करारावर चांगला माणूस टिकत नाही. सहा वर्षं सेवा झालेला फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) तशा करारावर आला की त्याला ठरलेल्या तारखांना सुटता येतं: हंगामाच्या पाच दिवस आधी, 1 मे आणि 1 जून. कॅसास पडला 2 मे रोजी. 1 मे पर्यंत तो धडधाकट होता, मग त्याच्या मागे ट्रिपल-एमध्ये (मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवर) बसून कोणता दर्जेदार माणूस थांबला असता?

वूस्टरवाला
तुम्ही नियम पाठ म्हणता, पण त्यातून निघणारा उपाय सोडून देता. बाहेरचा टिकत नाही ना? मग घरातला तयार करा. ज्याच्याकडे ऑप्शन (न गमावता मायनर लीगला पाठवायची मुभा) शिल्लक आहेत, त्याला हंगामात पाच वेळा खाली पाठवता येतं. अशा एका इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) डिसेंबरात पहिल्या बेसचा ग्लोव्ह द्यायचा आणि वूस्टरला, म्हणजे बोस्टनच्या ट्रिपल-ए संघात, आठवड्यातून दोन सामने तिथे खेळवायचा. खर्च शून्य. बोस्टनने काय केलं? क्रिस्टियन कॅम्पबेल, एप्रिलचा सर्वोत्तम नवोदित, दुसरा बेस धड बसतोय न बसतोय तोच मे महिन्यात त्याच्याकडून पहिल्या बेसचे ग्राउंडर घेववले. बॅट आटली आणि जूनमध्ये पोरगा वूस्टरला.

डावखुरा
बॅट आटली ती पिचरांनी त्याची उणीव हेरली म्हणून. ग्लोव्हचा काय संबंध?

वूस्टरवाला
कारण एकच नसेल, मान्य. पण 22 वर्षांच्या पोरावर एकाच वेळी दोन गोष्टी लादायच्या नसतात.

फेनवे_शेजारी
ब्रेस्लोचं नाव निघालंच आहे तर सेलचंही काढा. डिसेंबर 2023 मध्ये पिचर ख्रिस सेल अटलांटाला दिला, वर 1 कोटी 70 लाख डॉलर दिले, आणि घेतला वॉन ग्रिसम. सेलचे 2024 ला 18 विजय, 3 पराभव, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) 2.38, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. ग्रिसम 2025 भर ट्रिपल-एमध्ये.

आकडेमोड
इथे सेल कशाला? विषय 40 च्या यादीचा आहे.

तिसरा_बेस
यादीचाही नाही! विषय डेव्हर्सचा आहे. तुम्ही दोघांनी धागा पळवलात.

फेनवे_शेजारी
विषय एकच आहे. ग्रिसमला दुसऱ्या बेससाठी आणलं, तिथे बसला नाही, मग 2025 मध्ये वूस्टरला पहिल्या बेसवरही उभा केला. माणूस आधी आणायचा आणि जागा नंतर शोधायची, हीच ती सवय.

डावखुरा
हा मुद्दा लागला, नाही म्हणत नाही. पण आयपीएलचा हिशेब इथे लावू नका. तिथे 2025 ला 120 कोटींची पर्स होती, ती संपली की हात बांधलेले. इथे मर्यादा कडक नाही, 2025 ला पगारांनी 24 कोटी 10 लाख डॉलर ओलांडले की पहिल्या वर्षी वरच्या रकमेवर 20 टक्के कर, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, मग 50. ब्रेगमनसारखा माणूस फेब्रुवारीत तीन वर्षांच्या करारावर मिळत असेल, तर जागा जुळत नाही म्हणून सोडून द्यायचा?

तिसरा_बेस
सोडायचा नाही. सही करण्याआधी डेव्हर्सला समोर बसवून सांगायचं की तिसरा बेस जातोय, पहिल्या बेसचा सराव आजपासून. नकार आला तर तो फेब्रुवारीत कळला असता, ट्रेड घाई न करता झाला असता. जूनमध्ये यांकीजला तिन्ही सामन्यांत हरवलं त्याच संध्याकाळी विकायची वेळ आली नसती. मिळालं काय? हॅरिसन, हिक्स, टिब्स, बेयो. 73 सामन्यांत 15 होम रन मारलेल्या माणसाच्या बदल्यात.

डावखुरा
25 कोटींहून जास्त उरलेला पगारही जायंट्सने उचलला, तो का गाळता?

तिसरा_बेस
बरं, तो धरला. आता याचं उत्तर द्या. 23 मे रोजी ब्रेगमनच्या मांडीचा स्नायू गेला, तो सात आठवडे बाहेर. तिसरा बेस रिकामा. डेव्हर्सची हक्काची जागा, आणि तो संघातच होता. बोलावलं कोणाला? नवोदित मार्सेलो मेयरला.

डावखुरा
त्या दिवशी डेव्हर्सला तिसऱ्या बेसवर उभं करायला हवं होतं. एवढं मान्य. पहिल्या बेसला दिलेला नकार मात्र मी त्याच्याच खात्यात ठेवणार.

वूस्टरवाला
ठेवा. पण ऑगस्टच्या मध्यावर वॉशिंग्टनने सोडलेल्या नेथॅनियल लोला पहिल्या बेससाठी धरून आणावं लागलं, ते कोणाच्या खात्यात?