मदत हवी आहे: गाडी चालवणारा एक, जबाबात नाव दुसऱ्याचं. संघातल्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या पश्चिम भागात, वेंगुर्ला रोडच्या बाजूला एका गावात मी कबड्डी शिकवतो. माझ्याकडची बरीच मुलं बेळगावात कॉलेजला आहेत आणि कॉलेजच्या संघातूनच खेळतात. त्यांच्यातल्या एका प्रकरणात सल्ला हवाय आणि लवकर हवाय, कारण परवा पोलिसांत जबाब आहेत.

झालं असं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्यावर मुलं दुपारी शिनोळीच्या बाजूला एका ढाब्यावर गेली. आपल्या भागातल्यांना सांगायला नको, सीमेवरचं बाची गाव ओलांडलं की महाराष्ट्र लागतो आणि तिकडं ओळखीचं कोणी बघत नाही. जेवण झालं, पिणं झालं, आणि दिवस मावळताना तिघं एका मोटरसायकलवर बसून परत निघाले. उचगाव फाट्याजवळ भाजीबाजार करून बसनं उतरलेल्या आमच्याच भागातल्या एक मावशी रस्त्याच्या कडेनं चालत घरी निघाल्या होत्या. त्यांना मागून धडक बसली. उजव्या पायाची नडगी मोडली, ऑपरेशन करून रॉड घातलाय. मी पोचलो तेव्हा त्यांची बुट्टी गटारीत पालथी पडली होती आणि मुलांच्या सॅकमधून जिंकलेली ढाल बाहेर आली होती. मावशी शुद्धीवर होत्या. बाजारच्या पैशाची पिशवी कुठं गेली, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

गाडी चालवत होता तो आमचा सगळ्यात चांगला रेडर, म्हणजे चढाई करणारा. वय १९, लायसन शिकाऊ, गाडी काकांची. ॲम्ब्युलन्स यायच्या आत बाकीच्यांनी त्याला दुसऱ्या गाडीवर बसवून घरी पोचवला. त्यामुळं ना फुंकर मारायची तपासणी झाली, ना रक्त घेतलं.

खरा प्रश्न इथून पुढं आहे. गावातल्या जाणत्या माणसांनी बसून ठरवलंय की मागं बसलेल्या, कव्हरला (म्हणजे बचावात) खेळणाऱ्या मुलानं ‘गाडी मी चालवत होतो’ असं सांगायचं. त्याच्याकडं पक्कं लायसन आहे, म्हणजे इन्शुरन्सला अडचण नको. शिवाय रेडर अग्निवीर भरतीची तयारी करतोय, त्याच्या नावावर केस नको. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळं आपल्याकडं घरटी एक तरी पोरगा भरतीच्या मागं असतो, तेव्हा ही भीती मला कळते. पण कव्हरच्या मुलाला कोण विचारतंय? त्याचे वडील रेडरच्या काकांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. नाही म्हणायची सोय नाही. आणि त्याला तयार करायचं काम माझ्याकडं आलंय. ‘तो तुमचं ऐकतोय सर, तुम्ही सांगा.’ कॉलेजकडूनही निरोप आलाय की विद्यापीठ संघाची यादी जायच्या आत मिटवा.

रेडरशी मी बोललो. तो म्हणाला, ‘काय होतंय सर, दंड भरलं की झालं. पुण्यातल्या पोराला तर निबंध लिहायला सांगितला होता.’ मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअर गेले, ते प्रकरण. बाल न्याय मंडळानं त्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप झाला. आमच्या मुलांच्या डोक्यात त्यातला निबंध तेवढा शिल्लक आहे. मी सरावाला विचारलं, त्यात किती माणसं मेली? कुणालाही सांगता आलं नाही.

ही मुलं वाईट नाहीत हो. पहाटे पाचला मैदानावर येतात, घरची शेतं करतात, एकमेकांसाठी जीव टाकतात. त्या दिवशी रेडरला पळवलं तेही त्यांच्या लेखी संघासाठीच होतं. मला राग त्यांच्यापेक्षा आम्हा मोठ्यांचा जास्त येतोय. पोरगा घरी पोचतो न पोचतो तोवर काका, पुढारी, कॉलेज, सगळे त्याच्या अंगावरचं ओझं उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला धावले. त्याला परिणाम कळणार कुठून? कबड्डीत आऊट झालेला स्वतः उठून बाहेर बसतो, त्याच्या जागी दुसऱ्याला बसवता येत नाही, एवढं साधं मी त्याला सांगितलं. तो खाली बघत राहिला, पण काका म्हणाले, ‘खेळ वेगळा, आयुष्य वेगळं.’

कव्हरच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना मी नक्की काय सांगू? खरं बोलल्यानं रेडरची भरती खरंच संपते का? आणि खरं सांगितलं तर मावशींची भरपाई बुडते, असं काका सगळीकडं सांगत फिरतायत. ते खरं आहे का? याच भीतीनं मावशींच्या घरचेही गप्प झालेत.

——

घाटमाथा:

सर, वकिली करतो म्हणून लिहितोय. कागद न बघता सांगतोय, तेव्हा स्थानिक वकिलाला दाखवाच.

नाव बदलणं हा यातला सगळ्यात महाग पर्याय आहे. गुन्हा करणाऱ्याला वाचवायला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा होतो. आज फक्त चालवणारा अडकलाय, उद्या कव्हरचा मुलगा आणि त्याला पढवणारे सगळेच अडकतील. हे त्या काकांना स्पष्ट सांगा, कारण त्यांना स्वतःपुरतं तरी ते लगेच कळेल.

‘दंड भरलं की झालं’ हेही चूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तो दंड रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. तुमच्या प्रकरणात तपासणी झाली नाही, म्हणून हे कलम टिकणं अवघड. पण बेदरकार गाडी चालवणं (न्याय संहितेचं कलम २८१) आणि त्यातून गंभीर दुखापत (कलम १२५ ब, ३ वर्षांपर्यंत) याला दारूची चाचणी लागत नाही.

भरतीबद्दल. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय की पडताळणी फॉर्ममध्ये उमेदवारानं केसची माहिती खरी द्यायला हवी. खरी दिली तर गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्यायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडं राहतो. म्हणजे नोकरीची हमी नाही, पण लपवलेलं नंतर बाहेर आलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. इतक्या लोकांनी बघितलेला अपघात कायमचा दबून राहील, यावर पैज लावू नका.

मावशींची भरपाई बुडत नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर लायसन किंवा दारूचा मुद्दा निघाला तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. म्हणजे खोट्या जबाबानं मावशींचे पैसे वाचत नाहीत, काकांचे वाचतात. दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करायला हवा, नुसत्या वाटाघाटीत तो वेळ घालवू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘पडून’ लिहिलंय की ‘गाडीची धडक’, हे आजच बघून घ्या.

——

परदेशी बेळगावकर:

मी अमेरिकेत असतो. इथं कॉलेजच्या खेळाडूंचं कौतुक आपल्या पुढाऱ्यांसारखं असतं. जॉर्जिया विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. विजयाची मिरवणूक झाली त्याच रात्री संघातला एक २० वर्षांचा खेळाडू आणि गाडी चालवणारी २४ वर्षांची संघाची कर्मचारी, दोघंही अपघातात गेले. तिच्या रक्तात ०.१९७ टक्के अल्कोहोल होतं (तिथली मर्यादा ०.०८, आपली ०.०३) आणि संघातल्याच दुसऱ्या खेळाडूच्या गाडीशी शर्यत चालली होती, असं पोलिसांनी सांगितलं. त्या दुसऱ्या खेळाडूवर दारूचा आरोप नव्हता. शर्यत आणि बेदरकारपणासाठी त्याला १,००० डॉलर दंड, वर्षभर प्रोबेशन आणि ८० तास समाजसेवा झाली. त्याच एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगमधल्या एका संघानं त्याला खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतला. म्हणजे ‘खेळ चांगला असेल तर सगळं माफ’ हे तुमच्या मुलांनी हवेतून आणलेलं नाही, जग त्यांना ते दाखवतं. म्हणूनच ज्याला तुमचा रेडर मानतो त्या माणसानं, म्हणजे तुम्ही, त्याला या मोसमात खेळवू नये असं मला वाटतं.

——

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद छापून काकांच्या हातात दिला. कलम २३८ वाचल्यावर आवाज खाली आला, पण अजून ‘बघू’ म्हणतायत. कव्हरच्या मुलाला आणि वडिलांना घरी बोलावून सांगितलं की जे बघितलं तेच सांगायचं, ट्रॅक्टरचं काम गेलं तर दुसरं बघायची जबाबदारी माझी. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पोरगं खोटं बोलायला तयारच नव्हतं, मीच जोर केला होता.

दवाखान्याच्या कागदावर ‘मोटरसायकलची धडक’ असंच आहे. रेडर या मोसमात खेळणार नाही असं कॉलेजला कळवलंय. ते ऐकतील असं नाही, पण माझ्या मैदानावर तो सध्या सरावाला येईल तो फक्त मुलांना पाणी द्यायला. तो मावशींना भेटायला जायचं म्हणतोय. मी थांबवलंय. आधी जबाब खरा होऊ दे, नाहीतर ती भेटसुद्धा तडजोडीची बोलणी होईल.

एक अडचण राहिलीय. जबाब कन्नडमध्ये लिहिले जातात आणि आमच्या मुलांना बोलायला येतं तेवढं वाचायला येत नाही. लिहिलेलं वाचून, मराठीत समजावून सांगा, असा आग्रह धरला तर चालतो ना? आणि साक्षीदारानं पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते असं एकानं सांगितलं, ते बरोबर आहे का? बेळगाव कोर्टात अपघात भरपाईचं काम करणारे, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारे वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मावशींच्या मुलीला घेऊन सोमवारी कोर्टात जातोय.